बळकट आणि भरवशाचे

कुलूप हातातून दगडावर पडले तरी फुटत नाही, म्हणून आपण त्यास बळकट म्हणतो. परंतु किल्ली फिरविताच ते दरवेळी उघडेलच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आघात सोसून टिकणे हा टिकाऊपणा. नेमलेले काम प्रत्येक वेळी बिनचूक करणे ही विश्वसनीयता. यंत्रमानवांच्या एका शर्यतीत हा भेद फार चांगला दिसून आला.

अमेरिकेतील मोहावी वाळवंटात संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेने ही शर्यत भरविली. वाहनात चालक नसे. वाट यंत्रानेच शोधावयाची. २००४ साली सर्वांत पुढे गेलेले वाहनही जेमतेम १२ किलोमीटर जाऊन अडकले.

८ ऑक्टोबर २००५ रोजी पुन्हा शर्यत झाली. या वेळी मार्ग सुमारे २१२ किलोमीटरांचा होता. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे 'हायलँडर' हे वाहन मोठे दणकट. काही दिवसांपूर्वी चाचणीत ते उलटले होते. तरी दुरुस्त होऊन ते शर्यतीस उभे राहिले आणि आघाडीवर धावू लागले. मात्र वाटेत त्याच्या इंजिनाची शक्ती मधूनमधून ओसरू लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'स्टॅन्ली'ने त्यास मागे टाकले व ६ तास ५४ मिनिटांत शर्यत जिंकली. हायलँडर सुमारे वीस मिनिटे मागे राहून तिसरे आले.

दोष कोठे होता? त्याचा उलगडा २०१७ साली झाला. इंजिनाचे नियंत्रण करणारा भाग आणि इंधन फवारणारे भाग यांच्यामध्ये एक लहानशी विद्युत्-गाळणी होती. तिच्यावर दाब पडताच इंजिन मंदावे. उलटण्याच्या वेळीच ती दुखावली असावी, असा तर्क आहे. वाहन टिकले, पण ऐन वेळी भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला!

मुलांनो, यंत्र बनविताना जाड पत्रा वापरला म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक सांधा, प्रत्येक तार पुनःपुन्हा तपासावी. धक्का बसल्यावर तर वरून धड दिसणारा भागही पाहावा. बळकटपणा यंत्रास वाचवितो. भरवसा त्यास शेवटपर्यंत पोहोचवितो.

स्वाध्याय

१. टिकाऊपणा व विश्वसनीयता यांतील भेद सांगा.
२. हायलँडर मागे का पडले?
३. बळकट, पण भरवशाची नाही, अशी घरातील एक वस्तू सांगा.