पायातला काटा आणि एक मायक्रॉनचा तंतू

नांदेड-लातूरकडच्या शिवारात अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडणे नवलाचे नाही. सुईने तो काढायचा आणि पुन्हा कामाला लागायचे! बहुतेक जखमा लवकर भरतात. क्वचित एखादी वरून भरते, पण काट्याबरोबर आत गेलेले मातीतले सूक्ष्मजीव तेथेच वाढत राहतात. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तेथे गाठ येते. ती सहसा दुखत नाही. म्हणून कोणी लक्ष देत नाही. पुढे पाऊल सुजते, छिद्रे पडतात, त्यांतून पू व बारीक कण येतात. अखेर रोग हाडात शिरतो. हाच मायसेटोमा.

मदुरेच्या दवाखान्यातील डॉ. गिल यांनी १८४२ साली या रोगाची नोंद केली, म्हणून त्याला 'मदुरा पाऊल' असेही म्हणतात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे आणि पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन असलेले डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १८७४ साली प्रसिद्ध झाला. रोगाचे कारण बुरशी, असे त्यांचे मत होते. पण ते अर्धेच खरे होते! १८९४ साली व्हिन्सेंट यांनी अल्जीरियातील एका रुग्णाच्या पायातून वेगळाच जीव वेगळा केला. आज त्याला ॲक्टिनोमॅड्युरा म्हणतात. तो बुरशीसारखे तंतू काढतो, पण आहे जीवाणू. नोकार्डिया आणि स्ट्रेप्टोमायसिस हे त्याच्यासारखेच मातीतले रहिवासी. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या वासात स्ट्रेप्टोमायसिसचा मोठा वाटा असतो.

मग बुरशी की जीवाणू, हे ओळखायचे कसे? कण काळे असतील तर कारण बुरशी. लाल असतील तर जीवाणू. पांढरे किंवा पिवळसर असतील तर मात्र दोन्ही शक्य! अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली तंतूची जाडी पाहतात. जीवाणूचा तंतू सुमारे एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, तर बुरशीचा साधारण दोन ते पाच मायक्रॉन जाड असतो. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून कल्पना करा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रॉन. म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाने हा फरक जेमतेम, पण नक्की दिसतो. खात्रीसाठी कण प्रयोगशाळेत वाढवूनही पाहतात.

या मोजमापावर रुग्णाचे पाऊल अवलंबून असते. जीवाणू असेल तर प्रतिजैविके अनेक महिने घेऊन रोग बहुधा बरा होतो. बुरशीवर ती चालत नाहीत; तिची औषधे निराळी, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही करावी लागते. निदान चुकले तर औषध वाया जाते आणि रोग वाढत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मायसेटोमाचा दुर्लक्षित रोगांच्या यादीत समावेश केला. दुर्लक्षाची सुरुवात मात्र घरातच होते. तुमच्या घरी कोणाच्या पायाला न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ असेल, तर दुखण्याची वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि शेतात जाताना चप्पल नव्हे, बूट घाला!