सौरवात आणि आपले आकाश
(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

सूर्यापासून प्रकाश व उष्णता मिळते, हे आपण शाळेत शिकलो. पण सूर्याकडून विद्युत्भारित कणांचा प्रवाहही अखंड वाहत असतो. त्यास 'सौरवात' म्हणतात. त्याचा वेग साधारणतः सेकंदाला 400 किलोमीटर असतो. 15 कोटी किलोमीटरचे अंतर तो सुमारे चार दिवसांत कापतो.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हा वारा अडवते. या कवचास 'चुंबकांबर' म्हणतात. सूर्याच्या बाजूस ते सुमारे 65,000 किलोमीटरपर्यंत असते. वाऱ्याचा जोर वाढला की ते दबते. परंतु जोरापेक्षा दिशा महत्त्वाची. सौरवात सोबत सूर्याचे चुंबकीय क्षेत्र आणतो. ते दक्षिणाभिमुख असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. उत्तराभिमुख असेल तर दार बहुतांशी बंद राहते.

2 सप्टेंबर 1859 रोजी असेच मोठे वादळ आले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम 1904 साली अलिबागला नेण्यात आले.

आता आपल्या सुरतेकडे वळू. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीजवळून जाते. दिवसा तेथील आयनांबरातील विद्युत्कण वर उचलले जातात व चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंस साचतात. उत्तरेकडील साठा गुजरातच्या आकाशात पडतो. म्हणून येथील सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत त्याचा अभ्यास झाला आहे. वादळात हा साठा अकस्मात वाढतो किंवा घटतो आणि उपग्रहाचे संकेत कमीजास्त रेंगाळतात.

यात वाणिज्याच्या विद्यार्थ्याला काय? मी राहतो त्या बमरोलीतून कापड घेऊन निघणाऱ्या ट्रकला काही मीटरची चूक चालेल; धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला नाही. म्हणूनच आपल्या 'गगन' प्रणालीत आयनांबराची दुरुस्ती सतत करावी लागते. 13 मार्च 1989 रोजी तर कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली होती.

आपले 'आदित्य एल-1' हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाले. ते पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सौरवात मोजते. हिशेब सोपा आहे: नेहमीच्या वाऱ्याची वर्दी तासभर आधी मिळेल, सेकंदाला 1000 किलोमीटर वेगाच्या वादळाची केवळ 25 मिनिटे. त्या 25 मिनिटांत काय करायचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.