यादीच्या पोटातील याद्या

एका शाळेत दोन तुकड्या आहेत, असे समजा. पहिलीत दोन विद्यार्थी असून त्यांचे गुण ४० व ६० आहेत. दुसरीत एकच विद्यार्थी असून त्याचे गुण ९० आहेत. गणकयंत्राच्या आज्ञावलीत ही माहिती [[४०, ६०], [९०]] अशी मांडतात. बाहेरची यादी एक. तिच्या पोटात दोन याद्या.

सबंध यादीवर एखादे फलन चालविण्याची रीत जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत होती. त्या भाषेवरील त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. जावा भाषेत २०१४ साली ‘स्ट्रीम’ म्हणजे प्रवाह आला, तो याच विचाराच्या कुळातला. यादीतील घटक एकामागून एक या प्रवाहातून जातात व वाटेत त्यांच्यावर क्रिया घडतात. मूळ यादी मात्र जशीच्या तशी राहते.

यांपैकी दोन क्रिया येथे महत्त्वाच्या आहेत. ‘मॅप’ ही प्रत्येक घटकामागे एकच फल देते. येथे बाहेरच्या यादीचा घटक म्हणजे अख्खी तुकडी होय, हे नवशिक्याच्या ध्यानात लवकर येत नाही. तुकडीची सरासरी काढणारे फलन दिल्यास [५०, ९०] मिळते. प्रत्येकास पाच गुण वाढवून द्यावयाचे, तर मॅपच्या आत आणखी एक मॅप योजावा लागतो. उत्तर [[४५, ६५], [९५]]. दुसरी क्रिया ‘फ्लॅटमॅप’. ही प्रत्येक तुकडीचा स्वतंत्र प्रवाह घेऊन ते सर्व एकात मिळविते: [४०, ६०, ९०]. कुंपण मोडते ते एकाच पातळीचे. यादी तीन पदरी असेल, तर ही क्रिया दोनदा करावी लागेल.

आता शाळेची सरासरी काढू. ५० व ९० यांची सरासरी ७० येते. सपाट केलेल्या यादीची मात्र ६३ पूर्णांक १/३. गणित दोन्हीकडे बिनचूक आहे. पहिल्या उत्तरात प्रत्येक तुकडीला सारखे वजन मिळाले, दुसऱ्यात प्रत्येक विद्यार्थ्याला. यंत्र याबाबत कोणतीही सूचना देत नाही.

शिवाय, एकदा कुंपण मोडल्यावर ९० गुण कोणत्या तुकडीचे, हे त्या यादीवरून सांगता येत नाही. ते हवे असल्यास फ्लॅटमॅपच्या आतच, प्रवाह एकत्र होण्यापूर्वी, गुणांस तुकडीचे नाव जोडावे. एखादी तुकडी परीक्षेस बसलीच नाही, तर तिची रिकामी यादी सपाटीकरणात मागमूस न ठेवता नाहीशी होते. मॅपमध्ये मात्र तिची जागा कायम राहते आणि तिची सरासरी काय धरावी, हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.