विरंगुळा केंद्रात जाऊन होतं तरी काय?

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या बागेला लागून ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र आहे. माझे वडील 74 वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून ते घराबाहेर फारसे पडत नाहीत. केंद्रात जा म्हटलं की म्हणतात, ‘तिथे जाऊन काय पत्ते कुटू?’ अशा केंद्रांचा तब्येतीला खरोखर उपयोग होतो, की नुसता वेळ जातो? आणि ही कल्पना मुळात आली कुठून?

उत्तर : आधी कल्पनेचा उगम पाहू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात 1943 साली ‘विल्यम हॉडसन कम्युनिटी सेंटर’ सुरू झालं. वृद्धांसाठी चालवलेलं अमेरिकेतलं पहिलं केंद्र म्हणून त्याचं नाव घेतात. शहराच्या समाजकल्याण खात्यात मदतीसाठी येणारी वयस्कर माणसं काम उरकलं तरी उठायची नाहीत, कर्मचाऱ्यांशी बोलत बसायची. त्यांना पैशाइतकीच माणसांची गरज आहे, हे तिथल्या लोकांनी ओळखलं आणि एकत्र बसायला जागा मिळवून दिली. पुढे 1965 मध्ये अमेरिकेने वृद्धांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि अशा केंद्रांना सरकारी पाठबळ मिळू लागलं.

आपल्याकडे हे काम गावचा पार, देवळाचा ओटा आणि भजनी मंडळ कितीतरी आधीपासून करत होते. नोकरीधंद्यासाठी माणसं शहरात आली, फ्लॅटची दारं बंद झाली, मुलं पुण्या-मुंबईहून बंगळूरला आणि परदेशी गेली, तेव्हा त्या पाराची उणीव भासू लागली. ती भरून काढली ज्येष्ठ नागरिक संघांनी. महाराष्ट्रातले असे अनेक संघ ‘फेस्कॉम’ या महासंघाच्या छत्राखाली एकत्र आले आहेत. मुंबईत 13 मार्च 1995 रोजी डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. तो सगळ्या वयाच्या लोकांसाठी होता, पण त्याला खरी साथ दिली ती सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींनी. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण देशात 8.6 टक्के होतं, महाराष्ट्रात 9.9 आणि गोव्यात 11.2 टक्के. म्हणजे ही गरज आपल्याकडे देशाच्या सरासरीपेक्षा मोठी आहे.

आता उपयोगाविषयी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळली. आता, धडधाकट माणूस मुळातच जास्त हिंडतो-फिरतो, हे खरं. म्हणून या आकड्याचा अर्थ ‘केंद्रात नाव घातलं की आयुष्य वाढलं’ असा काढता येणार नाही. पण माणसं सुरुवातीला किती निरोगी होती याचा हिशेब धरूनही हा फरक टिकून राहिला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या 14 टाळण्याजोग्या बाबी सांगितल्या. एकटेपणात तुटून राहणं, हालचाल नसणं, ऐकू कमी येणं आणि नैराश्य या चारही गोष्टी त्या यादीत आहेत.

केंद्रात गेल्याने यातलं काय काय हाताळलं जातं, ते पाहा. जायचं म्हणजे अंघोळ करून, कपडे बदलून, ठरल्या वेळी चालत निघावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करायला सांगते. घरी एकट्याने हे पाळणारे विरळाच, पण सगळ्यांबरोबर हात वर होतात. पत्त्यांनाही कमी लेखू नका. कोणती पानं पडली, भिडूच्या हातात काय असेल, आता उतरी कुणाची, हे ध्यानात ठेवताना डोकं चालतं, शिवाय त्यात वाद आहेत, हसणं आहे, जिंकण्याची ईर्षा आहे. बऱ्याच संघांत रक्तदाब तपासला जातो, महिन्यातले वाढदिवस साजरे होतात, व्याख्यानं आणि सहली होतात. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची सोय होते. फोनवरून फसवणूक कशी होते, हेही आता तिथे समजावून सांगतात.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे, असं मला मनापासून वाटतं. निवृत्तीनंतर आणि त्यातही जोडीदार गेल्यावर माणसाची कुणी वाट पाहत नाही. ऑफिस थांबत नाही, घर आपापल्या घाईत असतं. केंद्रात मात्र चौथा भिडू आला नाही तर डाव अडतो. सलग दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करतं, नाहीतर दारात येऊन उभं राहतं. पडलेल्या, तापाने फणफणलेल्या एकट्या माणसासाठी ही चौकशी जीव वाचवणारी ठरू शकते. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही जाणीव गोळीतून मिळत नाही.

म्हणूनच ज्या केंद्रांत ज्येष्ठांना खुर्चीवर बसवून फक्त कार्यक्रम दाखवले जातात, ती लवकर ओस पडतात. जिथे हिशेब, वाचनालय, सहलीची आखणी, आजारी सभासदांची चौकशी हे सगळं तेच सांभाळतात, ती टिकतात. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ सुरू झाली. निवृत्त पुरुष एका शेडमध्ये जमून सुतारकाम, दुरुस्तीची कामं करतात. पुरुषांना समोरासमोर बसून मन मोकळं करणं जड जातं, पण शेजारी उभं राहून हाताने काम करताना ते बोलू लागतात, हा त्यामागचा विचार. तुमच्या वडिलांना हे नक्की लागू पडेल.

एक उणीवही सांगायला हवी. पुष्कळ केंद्रांत बायका फार कमी दिसतात. म्हातारपणीही स्वयंपाक आणि नातवंडं त्यांच्याकडेच असतात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या वेळा त्यांना सोयीच्या नसतात. दुपारची वेळ, स्वच्छ स्वच्छतागृह, पायऱ्यांना कठडा आणि चालक मंडळात स्त्रियांचा वाटा, एवढं केलं तरी चित्र बदलेल. या गोष्टी संघांनी आणि नगरपालिकांनी मनावर घेतल्याच पाहिजेत.

वडिलांसाठी काय करावं? ‘जा’ म्हणू नका, पहिल्या दिवशी बरोबर जा. त्याआधी संघाच्या कार्यवाहांना भेटून वडील आयुष्यभर काय काम करत होते ते सांगा आणि त्यांच्यावर एखादी छोटी जबाबदारी टाकायची विनंती करा. ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासून घ्या, कारण बोलणं कळेनासं झालं की माणूस घोळक्यातून काढता पाय घेतो. सहलीचं निमित्तही चांगलं : एस.टी.त 65 पूर्ण झालेल्यांना अर्धं तिकीट आहे आणि 75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे. मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं ते बोलत असतील, तर केंद्राच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

ज्या वाचकांच्या भागात असं केंद्र नाही, त्यांनी कुणी सुरू करील म्हणून थांबू नये. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात. समाजमंदिराची किंवा शाळेची रिकामी खोली मिळाली की रोजची एक वेळ ठरवा आणि आपल्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसाला सर्वांत आधी बोलवा.