बारा पुरचुंड्या

पोरी, परवा सोयाबीनचे पैसे खात्यात आले आणि तू मला विचारलंस, "आजी, आता यातले किती खर्चायचे?" घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प राहिले. आज निवांत आहे, तर सांगते. माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं, मी तुझ्या सासूला सांगितलं, आता तुझ्या कानावर घालते.

लग्नानंतर आपण तुला धारेवर घेऊन गेलो होतो, आठवतंय ना? आपल्या लोणारची ती धार बारा महिने पडते. ऐन वैशाखात विहिरी तळाला गेल्या तरी तिची रीत बदलत नाही. कोरडवाहू घरातला पैसा मात्र तसा येत नाही. दिवाळीला सोयाबीन, संक्रांतीच्या पुढंमागं तूर, ओल टिकली तर होळीला हरभरा. मग पेरणीपासून पुढची दिवाळी येईपर्यंत नुसता खर्च. पोट तर रोज लागतं. म्हणून आपल्याकडच्या बाईला काटकसरीच्या आधी वाटणी यावी लागते. चहात साखर मोजून घालणारी घरं भादव्यात कर्जाला गेलेली मी पाहिलीत, कारण दिवाळीत आलेला पैसा त्यांनी एकाच ढिगात ठेवला होता. ढीग मोठा दिसतो, आणि मोठा दिसतो तोवर कुणाचा हात आखडत नाही.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या बारा चिंध्या घ्यायच्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि कार्तिकापासून आश्विनापर्यंत बारा पुरचुंड्या बांधायच्या. सगळ्या सारख्या नसायच्या. पौषाची लहान, कारण तेव्हा शेतात हरभऱ्याची भाजी, तुरीच्या शेंगा, वांगी असतात, बाजारात जायची गरजच कमी. चैत्र-वैशाखाची जरा जड, लग्नसराई आणि आहेरापायी. श्रावणाची सगळ्यांत जड. सणवार तेव्हा, लेकी माहेरी तेव्हा, पोळा तोंडावर, आणि घरात येणारा पैसा शून्य. ज्येष्ठाच्या मात्र बारांवर एक वाढवून दोन असायच्या: एक घराची, एक पेरणीची. पेरणीची पुरचुंडी त्या सगळ्यांच्या आधी बांधायच्या.

पुढच्या महिन्यातले पैसे आधी लागलेच, तर जेवढे रुपये काढले तेवढे चिंचोके त्या पुरचुंडीत टाकायच्या. मजुरी आली, दूध विकलं, की चिंचोके काढून पैसे परत. घरातल्या पुरुषाला एका शब्दानं बोलायच्या नाहीत. फक्त चिंचोक्यांची पुरचुंडी त्याच्यासमोर उघडायच्या. मी नवी सून होते तेव्हा 1972 चा दुष्काळ पडला. बांधायला काही नव्हतंच. आम्ही दोघी खडी फोडायला जायचो, घरी लाल मिलोच्या भाकरी. त्या हप्त्याच्या मजुरीतूनही त्यांनी चार आणे बाजूला काढले. मला तेव्हा राग यायचा. त्याच पैशातून पुढच्या मृगाला बी आलं, तेव्हा तो राग गेला.

आता तुझी वाटणी करू. समज, काढणी-मळणीचं देणं वजा जाऊन हातात 72 हजार उरले. त्यातले 24 हजार आजच बाजूला कर, बी-खताचे. उरले 48 हजार, म्हणजे महिन्याला सरासरी 4 हजार. तुझ्या नवऱ्याची मजुरी, तुझं शिवणकाम हे वर. वहीत बारा रकाने पाड आणि कोणत्या महिन्याला किती ते दोघांनी बसून लिहा. तू एकटीनं लिहू नकोस. एकटीनं केलेला हिशोब घराला जाच वाटतो. पैसे खात्यातच राहू दे, पण काढायचे महिन्याच्या एकाच तारखेला आणि रकान्यात लिहिलेत तेवढेच. चिंचोक्याच्या जागी लाल पेन वापर.

बियाण्याचं नीट ऐक, कारण शेतकऱ्याच्या घरात मोठी बचत स्वयंपाकघराच्या बाहेर होते. सोयाबीनचं बी सरळ वाणाचं असतं. एकदा चांगलं प्रमाणित बी आणलं की त्याचंच घरचं बी पुढं दोन-तीन वर्षं चालतं, कृषी खातंही हेच सांगतं. त्यासाठी पावसात न भिजलेल्या ढिगातलं, मळणीयंत्र हळू फिरवून काढलेलं सोयाबीन वेगळं ठेवायचं. साल पातळ असते त्याची. पोतं खांद्यावरून आपटलं की आतला अंकुर दुखावतो, आणि ते वरून दिसत नाही. लाकडी फळ्यांवर ठेवा, थप्पी चार-पाच पोत्यांच्या वर नको, भिंतीला टेकवू नका.

मग वैशाखात गोणपाटाचा तुकडा ओला कर. पोत्यात हात खोल घालून मूठभर दाणे काढ आणि त्यातले 100 मोज. टपोरे निवडायचे नाहीत, येतील तसे घ्यायचे. इथंच सगळे चुकतात, कारण आपलं बी चांगलं निघावं असं मनाला वाटत असतं. दहा-दहाच्या ओळी मांड, वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी करून सावलीत ठेव, ओल मोडू देऊ नकोस. सहा-सात दिवसांनी उघड. जाड, सरळ कोंब आलेले दाणे 70 किंवा वर असले तर एकरी 30 किलो पेरायचं. थोडे कमी असले तर बी वाढवायचं. 60 च्याही खाली गेले तर त्या बियाचा मोह सोडायचा. एका साली आम्ही घाईत हे केलं नाही. पाऊस चांगला, वाफसा चांगला, आणि रानात ओळीच्या ओळी रिकाम्या. दुबार पेरलं. त्या वर्षी माझ्या पाटल्या गेल्या, त्या पुन्हा झाल्या नाहीत.

तुरीचंही तसंच. सगळी तूर विकून मग दुकानातून डाळ आणू नकोस. वर्षाची लागेल तेवढी घरी ठेव. थोडं तेलपाणी चोळून, झाकून मुरवून, चांगली चार-पाच उन्हं दाखवून भरडली की क्विंटलामागं 65-70 किलो डाळ निघते, आणि चुनी म्हशीला होते. विकतानाचा भाव आणि विकत घेतानाचा भाव यांच्यात जे अंतर असतं, ते घरात ठेवणं हाच यातला फायदा. उन्हाळ्यात हरभऱ्याचा पाला, वांग्याच्या फोडी, गवार वाळवून ठेव, पावसाळ्यातला निम्मा बाजार सुटतो. पापडाला पूर्वी आपल्या सरोवराचाच खार लागायचा, पाणी आटलं की काठाला यायचा, आणि लोणारचा खार लांबलांब जायचा. आता ते अभयारण्य आहे, तिथून चिमूटभरही आणायचा नाही. पापडखार दुकानात मिळतो.

गॅस, वीज यांचं फार सांगत नाही, तुला कळतं. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजव, आंघोळीचं पाणी उन्हात ठेव. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून ऊठसूट मेहकरला जाऊ नकोस. तिकीट अर्धं लागतं, तिथला खर्च पुराच होतो.

पैसा कुठं ठेवायचा, हे मी घाव खाऊन शिकले. एका पतसंस्थेत बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त मिळत होतं. कापसाचे 20 हजार ठेवले. ओळखीची माणसं होती, चहा पाजायची. एक दिवस दाराला कुलूप. तुझ्या आजेसासऱ्यांनी वर्षभर चकरा मारल्या, निम्मेसुद्धा हाती आले नाहीत. म्हणून लक्षात ठेव, बँकेत एका माणसाच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. पोस्टातल्या पैशामागं सरकार उभं असतं. पोस्टाचं आवर्ती खातं महिना 100 रुपयांपासून निघतं, पाच वर्षांचं. तू 500 चं काढ. हजाराची हौस करू नकोस, चुकलेल्या हप्त्याला दंड बसतो आणि हप्ते चुकायला लागले की मनच उडतं. बारा हप्ते नीट भरले की अडीनडीला भरलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं. लाडक्या बहिणीचे 1500 आले तर ते रकान्यात धरायचे नाहीत. येतील तेव्हा आले.

कर्ज काढायची वेळ आली तर आधी बचत गट, नाहीतर बँकेचं पीककर्ज. पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरून 3 लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ते सगळं गेलं, म्हणून ती तारीख रकान्यांच्या वर मोठ्या अक्षरांत लिही. आणि कुणी "शेकडा पाच" म्हणालं, तर ते महिन्याचे पाच असतात. वर्षाचे 60 झाले. हजाराचे वर्षानं सोळाशे. हा आकडा मोठ्यानं म्हणून पाहायचा आणि मगच अंगठा द्यायचा.

तुझ्या नवऱ्याचा विमा काढलास का? बँकेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा आहे, आणि 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमा. दोन्हींचे पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून जातात. तेवढे 456 तिथं शिल्लक असू देत. ट्रॅक्टरवर जातो, रात्री पाणी धरायला जातो, मला झोप लागत नाही तो येईपर्यंत.

फडताळाच्या खालच्या खणात बिस्किटांचा जुना डबा आहे. त्यात सासूबाईंच्या चिंध्या आहेत, आणि चिंचोकेही. तुला वही सोपी वाटत असेल तर वही कर, पण ज्येष्ठाच्या रकान्यात आजच भर घाल. नणंदेला तिसरा महिना लागलाय, वैशाखात ती माहेरी येईल आणि बाळंतपण बरोबर पेरणीच्या तोंडावर पडेल. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, साजूक तूप, दवाखान्याचं जाणंयेणं, बारसं. तूप आपण म्हशीचं घरीच साठवू, मी माघापासून लोणी वेगळं काढते. बाकीचे 5 हजार तरी धर. पेरणीच्या पुरचुंडीला त्या वेळी हात लागता कामा नये.