दुसऱ्याचा फोटो बघताना

अगं, तुझा मेसेज काल रात्री उशिरा वाचला. तेव्हाच फोन करणार होते, पण छोटीला झोपवून तू नुकतीच आडवी झाली असशील म्हणून थांबले. आता सावकाश लिहिते. प्रदर्शन बघून आलीस, घरी येऊन स्वतःचे फोटो उघडलेस आणि हिरमुसलीस. ‘ताई, हे लोक कुठे आणि मी कुठे, कॅमेरा विकूनच टाकते,’ असं लिहिलंयस. विकू नकोस. त्या भिंतीवर तुला काहीतरी दिसलं, म्हणूनच तुझं मन खट्टू झालं. ज्यांना काही दिसत नाही ते दालनातून एक चक्कर मारतात आणि चहा प्यायला बाहेर पडतात. तू रेंगाळलीस. नेमकं कशापाशी रेंगाळलीस, ते आता आपण दोघी मिळून शोधू.

पण आधी तुझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरवते. भिंतीवर तू जे बघितलंस ते निवडून ठेवलेलं काम होतं. न लागलेले फोटो तुला कोणी दाखवले नाहीत. रॉबर्ट फ्रँक यांचं ‘द अमेरिकन्स’ हे पुस्तक छायाचित्रणातलं फार मोठं मानतात. १९५५-५६ मध्ये मोटारीने अमेरिका पालथी घालत त्यांनी सुमारे अठ्ठावीस हजार फोटो काढले आणि पुस्तकात ठेवले ८३. बाकीचे सगळे बाजूला. तू मात्र त्यांच्या त्या ८३ शेजारी तुझा फोनमधला झाडून सगळा पसारा ठेवतेस आणि रडतेस. अशी तुलना करू नये गं. तुझेही आधी निवडून काढ, मग बोलू.

आता मुख्य गोष्ट. मला हे फार मनापासून सांगायचंय, कारण चांगले फोटो बघून खचलेली तू काही पहिली नाहीस, आणि चांगले फोटो बघून पेटून उठलेलेही कितीतरी आहेत. दोघं बघतात एकच. पण खचणारा ‘केवढं सुंदर’ असं म्हणून तिथेच थांबतो. पेटणारा विचारतो, ‘याने इथे काय ठरवलं?’

१९३० च्या आसपासची गोष्ट. मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराने आफ्रिकेत एक फोटो काढला, टांगानिका सरोवराच्या नावाने तो ओळखला जातो. तीन मुलगे पाठमोरे, उघड्या अंगाने लाटांमध्ये धावत शिरताहेत. अंगं काळीभोर दिसतात, पायाशी पांढरा फेस. चेहरा एकाचाही दिसत नाही. तो फोटो एका फ्रेंच नियतकालिकात छापून आला आणि तिथे तो पाहिला आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी. तेव्हा ते विशी ओलांडलेले, आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकला शिकलेले, आणि स्वतःही आफ्रिकेत राहून आलेले. कॅमेऱ्याने असंही काही पकडता येतं हे त्या एका फोटोने आपल्याला दाखवलं, असं ते म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. लवकरच त्यांनी छोटा लायका कॅमेरा घेतला.

पुढे त्यांनी काय केलं ते नीट बघ. ते कुठल्या सरोवराच्या काठी धावणारी मुलं शोधत बसले नाहीत. १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वे स्टेशनच्या मागे, कुंपणाच्या फटीतून त्यांनी एक फोटो घेतला. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय. त्याची टाच पाण्याला टेकणार, पण अजून टेकलेली नाही. खाली त्याचं प्रतिबिंब. मागच्या भिंतीवर एक पोस्टर आहे आणि त्यातली नर्तिकाही अशीच हवेत झेपावलेली. डाव्या बाजूला कुंपणाची फळी आली होती, म्हणून ती बाजू नंतर कापावी लागली. एरवी चौकटीला कात्री लावणं त्यांना अजिबात पसंत नसे.

मुंकाचींकडून त्यांनी काय घेतलं? किनारा सोडला, मुलं सोडली, आफ्रिका सोडली. घेतला तो जमिनीवरून सुटलेल्या शरीराचा भरवसा. चेहरा न दाखवताही माणूस दिसतो हा विश्वास.

आणि ही गोष्ट इथे संपत नाही, ती आपल्याकडे येते. जयपूरच्या एका घरात कार्तिए-ब्रेसाँ यांचं जयपूरवरचं पुस्तक होतं. ते एका शाळकरी मुलाच्या हाती लागलं. तो मुलगा म्हणजे रघुबीर सिंह. जन्म १९४२ चा. पुढे त्यांनी कार्तिए-ब्रेसाँ यांना प्रत्यक्ष काम करतानाही पाहिलं. एखाद्याने मग आयुष्यभर त्यांच्यासारखेच कृष्णधवल फोटो काढले असते आणि लोकांनी कौतुकही केलं असतं. रघुबीर सिंहांनी रंगीत फिल्म निवडली. कार्तिए-ब्रेसाँ यांना रंगीत छायाचित्रणाचं फारसं प्रेम नव्हतं, कलेच्या जगात तेव्हा रंगाला मानही नव्हता. पण भारताचं दिसणं रंगातच आहे, रंग काढून घेतला तर इथलं काहीतरी मूळचंच हरवतं, असा रघुबीर सिंहांचा ठाम आग्रह. गर्दीत उभं राहण्याची नजर त्यांनी गुरूकडून घेतली आणि रंगाच्या बाबतीत गुरूचं ऐकलं नाही. मला त्यांचा हा ठामपणा फार आवडतो.

त्यांचा १९६७ चा बिहारमधल्या मुंगेरचा फोटो शोधून बघ. पावसात सापडलेल्या बायका एकमेकींना बिलगून उभ्या, साड्या अंगाला चिकटलेल्या, भोवती सगळं करडं आणि मधोमध त्या साड्यांचा रंग. त्यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४ चं. त्यात झवेरी बाजार आहे, चौपाटीवरचं गणपती विसर्जन आहे. सराफाच्या दुकानाची काच, काचेत रस्ता, काचेमागे गिऱ्हाईक, असं सगळं एकाच चौकटीत. झवेरी बाजारातून तू शंभरदा गेली असशील. हा फोटो बघून परत जा. काचा आता तुला नुसत्या काचा दिसणार नाहीत. चांगल्या फोटोचं काम हेच, तो आपली रोजची वाट बदलून टाकतो.

म्हणून माझं ऐक. प्रदर्शनातले सगळे फोटो विसर. एकच निवड, जो तुला सोडत नाहीये तो. निदान आठवडाभर त्याच्याशी बोल. छायाचित्रकार कुठे उभा होता? उभा होता की उकिडवा बसला होता? उजेड कुठून येतोय, दिवसाच्या कुठल्या वेळचा? चौकटीच्या कडांवर काय आहे? नवशिक्या माणसाचं लक्ष मधोमध असतं. जाणत्याने कडा सांभाळलेल्या असतात. मग अंगठ्याने एकेक गोष्ट झाकून बघ. त्या सँ-लाझारच्या फोटोतलं नर्तिकेचं पोस्टर झाकलंस, तर उडी तीच राहते, पण फोटो पांगळा होतो. एवढा लहानसा कोपरा आणि त्यावर किती भार! हे एकदा कळलं की तुझ्या फोटोंतले रिकामे कोपरे तुझे तुलाच टोचायला लागतील. ते टोचणं चांगलं.

नक्कल करावीशी वाटली तर खुशाल कर. हात त्यानेच वळतो. फक्त ती स्वतःजवळ ठेव, ‘माझं काम’ म्हणून लोकांपुढे मांडू नकोस.

तू विचारलं होतंस की फोनवर बघितलं तर काय बिघडलं. बिघडत काही नाही, पण निम्मंच दिसतं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचा हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो ऐकून माहीत असेल तुला. १ नोव्हेंबर १९४१, न्यू मेक्सिको, दिवस कलताना ते मोटारीने परत निघाले होते. रस्त्याकडेला गाव, कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रूसांवर शेवटचं ऊन, वर चंद्र. गाडी थांबवून मोठा कॅमेरा घाईघाईने उभा केला, पण उजेड मोजायचं मीटर काही सापडेना. चंद्राची तेजस्विता किती हे त्यांना पाठ होतं, त्यावरून मनातच हिशेब करून एक्स्पोजर दिलं. दुसरं घेईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. निगेटिव्ह उरली ती एकच.

सगळे ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते. त्या एका निगेटिव्हवरून त्यांनी पुढच्या काही दशकांत हजाराहून जास्त प्रिंट काढल्या आणि त्या सारख्या नाहीत. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश फिकट आहे, त्यात ढगांच्या रेषा दिसतात. नंतरनंतर आकाश गडद होत गेलं, इतकं की चंद्र जवळजवळ काळ्या पोकळीत लटकलाय असं वाटतं. अ‍ॅडम्स तरुणपणी पियानो वाजवायचे, पियानोवादकच व्हायचं होतं त्यांना. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं ते मानत. तेव्हा संगणकावर फोटो गडद-उजळ करताना तुला जे अपराधी वाटतं ना, ते सोडून दे. विचार एवढाच कर की हा बदल मी त्या वेळी मला जे जाणवलं त्यासाठी करतेय, की फक्त नजरेत भरावा म्हणून. उत्तर तुझं तुलाच ठाऊक असतं.

तर प्रिंट बघायला जात जा. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी आहेच, नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये पिरामल गॅलरी आहे. पुण्याला गेलीस की बालगंधर्व कलादालनात डोकाव. कागदाचा पोत, काळ्या रंगाच्या आतला काळा, फोटोचा खरा आकार, हे काचेच्या पडद्यावर येत नाही. जवळ जा, मग पाच पावलं मागे ये. पाटी शेवटी वाच. नाव आधी वाचलं की डोळे त्या नावाच्या दबावाखाली बघतात.

आता तुझं दुसरं दुखणं, वेळ नाही आणि घराबाहेर पडता येत नाही. हे मी हलक्यात घेत नाही. लहान मूल, सासूबाईंची पथ्यं, तुझी नोकरी, सगळं मला दिसतंय. पण प्रागच्या योसेफ सुदेक यांच्याबद्दल वाच. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. दुसऱ्या महायुद्धात प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं कठीण, तेव्हा त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले. १९४० ते १९५४. तीच काच. कधी तिच्यावर दव, कधी पाण्याचे ओघळ, कधी बर्फाची नक्षी, पलीकडे अंगणातलं एक वाकडं झाड. जगातल्या उत्तम छायाचित्रांत ती खिडकी आज गणली जाते. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी कुकरची वाफ आणि ऊन एकदमच येतं, हे मी स्वतः बघितलंय तुझ्याकडे.

आणि होमाई व्यारावाला. नवसारीत जन्म १९१३ चा, शिक्षण आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ‘लाइफ’ साप्ताहिकाचे जुने अंक मिळवून त्या त्यातले फोटो बघायच्या. त्या फोटोंतला उजेड आणि रचना त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर, जे. जे.मधल्या आपल्याच मैत्रिणींवर आणून बघितली. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशॉ यांच्या नावाने छापून येत. १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि पुढची कितीतरी वर्षं साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत, पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून त्यांनी स्वातंत्र्याचा तो सगळा काळ टिपला. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. मला त्यांची नेहरू-माउंटबॅटनची छायाचित्रं आवडतात, पण त्याहून जास्त जीव जडतो तो मुंबईतल्या त्या सुरुवातीच्या मुलींच्या फोटोंवर. त्यांत एक तरुण बाई नुकतं काहीतरी बघून आलीय आणि ते आपल्या माणसांत शोधतेय, हे स्पष्ट दिसतं. तू आत्ता तिथेच आहेस बघ.

एक सावधगिरी मात्र. बघण्याचंही अजीर्ण होतं. दिवसाला पाचशे फोटो बोटाखालून गेले तर एकही आत उतरत नाही, वर कोणाला किती पसंती मिळाली याचे आकडे डोक्यात बसतात. फोनवरचं ते सरकवणं थोडं कमी कर, एक पुस्तक उघडं ठेव. आणि स्वतः फोटो काढायला निघशील तेव्हा पुस्तकही घरीच राहू दे.

रविवारी दुपारी ये. छोटीला घेऊनच ये, आई सांभाळेल तिला. रघुबीर सिंहांचं पुस्तक माझ्याकडे आहे, ते घेऊन जा, घाई नाही परत द्यायची. येताना स्वतःचे वीसेक फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून आण, फोनवर दाखवलेस तर मी बघणार नाही. मंडईतल्या निळ्या ताडपत्रीखाली लिंबं मोजणाऱ्या मावशींचा तो फोटो त्यात हवाच. तू तो काढून टाकणार होतीस, मला तो तुझ्या सगळ्या फोटोंत जास्त तुझा वाटतो. जमिनीवर सगळे मांडू, त्यातले पाच ठेवू. कुठले पाच ते तू ठरवायचंस, मी फक्त का म्हणून विचारत राहीन.