विम्याचा अर्ज भरण्यापूर्वी

सुरतेत उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. कारखाना योजनेत असून पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विम्याचा आधार असतो. पगार त्यापुढे गेला, की आपला विमा आपणच पाहावा लागतो.

या अभ्यासात आपण अर्जातील एकच प्रश्न घेऊ: पूर्वीचे आजार कोणते? येथे पुष्कळांचा हात अडखळतो. मधुमेह लिहिला तर हप्ता वाढेल, असे वाटते. एखादा एजंटही ‘राहू द्या’ म्हणतो. पण सही आपली असते. लपवलेला आजार इस्पितळाच्या कागदांत उघड होतो व दावा नाकारला जाऊ शकतो, तोही नेमका खाटेवर असताना. खरे लिहिले, तर जुन्या आजारासाठी थांबावे लागते. २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३ वर्षे. म्हणून प्रकृती चांगली असतानाच विमा घ्यावा. (हे आपल्याला उशिरा सुचते!)

कंपनी बदलायची असल्यास मुदत संपण्यापूर्वी दीड-दोन महिने हालचाल करावी. थांबण्यात गेलेली वर्षे नव्या कंपनीत धरली जातात. घरात ७० वर्षांचे वा त्याहून वडील कोणी असल्यास त्यांचे आयुष्मान कार्ड आधी काढावे. २०२४ पासून त्यासाठी उत्पन्न पाहत नाहीत.